कोंबडीची पावती



मागच्या अंकात आपण दाव्याच्या कागदांबद्दल लिहिलं होतं. फॉर्म कसा भरायचा, मोजणीच्या वेळी कोणी हजर राहायचं, सगळं सांगितलं. या अंकात आम्ही कोंबडीबद्दल लिहितो. काही लोक म्हणतील, जमिनीचं सोडून ही पोरं कोंबड्यांच्या मागं लागली. आम्हीही पहिल्यांदा असेच हसलो होतो. ते आमचं चुकलं. काय चुकलं ते सांगतो.

आपल्याच भागातलं एक पोड. नाव लिहीत नाही, कारण दावा अजून वरच्या समितीपुढं आहे. सतरा घरं, सगळी कोलामांची. त्यातली दोन घरं एकमेकांना लागून. एकाला वरचं घर म्हणू, दुसऱ्याला खालचं. दोन्ही घरच्या बायांचं इतकं जमायचं की एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा. कोंबड्या तर कोणाच्या कुठं चरतात याचा हिशोबच नव्हता. संध्याकाळी डालं उचलून एकीनं हाक मारली की दोघींच्या कोंबड्या यायच्या, मग पायाला बांधलेल्या चिंधीवरून वेगळ्या करायच्या. हिरवी चिंधी वरच्या घरची, लाल खालच्या घरची.

एका वर्षी वरच्या घरी अंडी होती, पण कोंबडी खुडूक नव्हती. खालच्या घरी कोंबडी खुडूक बसली होती, पण अंडी विकून झाली होती. म्हणून वरच्या घरची तेरा अंडी खालच्या घरच्या कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली. दोन मुंगसानं नेली, दोन घारीनं. उरली सात. आपल्याकडं रीत आहे, बटईनं दिलं की अर्धं-अर्धं. तीन हिला, तीन तिला. सातवं कोणाचं? एक म्हणते अंडी माझी. दुसरी म्हणते बसली माझी कोंबडी, एकवीस दिवस दाणा-पाणी मी केलं. शाळेत साताचे अर्धे साडेतीन शिकवतात. पोडात साडेतीन पिल्लं होत नाहीत.

असं काही झालं तर म्हातारी माणसं काय करायची? सातवं पिल्लू मोठं करायचं आणि अखाडीला दोन्ही घरांनी मिळून खायचं. भांडण पोटात जायचं. त्या वर्षी तसं झालं नाही. कोणीतरी बोलून गेलं, कोणीतरी ऐकून घेतलं नाही, आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. विस्तव बंद, मीठ-मिरची बंद. पाण्याला जायची वाटसुद्धा बदलली. सातवं पिल्लू वरच्या घरीच राहिलं. त्याची तलंग झाली, तलंगीची कोंबडी झाली, तिची पिल्लं झाली. भांडणही तसंच वाढत गेलं.

मग वनहक्काचा कायदा आला. संसदेनं डिसेंबर २००६ मध्ये पास केला आणि १ जानेवारी २००८ ला नियम लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो, तिच्यावर राहतो, त्याचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. वरच्या घराची पाच एकर जबरानजोत. बहात्तरच्या दुकाळात म्हाताऱ्यानं झुडपं काढून वहिती केलेली. आम्ही त्यांचा दावा भरायला बसलो. विचारलं, पुरावा काय आहे?

पुरावा काहीच नव्हता.

ओढ्यापलीकडच्या एका घरी मात्र पत्र्याच्या पेटीत कागद होते. तो माणूस तरुणपणी तापट होता. नाकेदार आला की भांडायचा, कोंबडी द्यायचा नाही. मग त्याच्यावर केस व्हायची, दंड व्हायचा, आणि दंडाची पावती मिळायची. त्या वेळी सगळं पोड म्हणायचं, याला अक्कल नाही, एक कोंबडी देऊन सुटला असता. आज त्याच पावत्या बोलतात. पावतीवर साल आहे, जागा आहे, सरकारी शिक्का आहे. इथं हा माणूस तेव्हा जमीन कसत होता, असं सरकारनं स्वतःच लिहून दिलेलं आहे.

वरच्या घरच्या माणसानं बोटं मोजली. वर्षाला एक धरली तरी नाकेदाराला तीसच्या वर कोंबड्या गेल्या. एकीचीही पावती नाही.

एवढ्यावरही धडा मिळाला नाही. मोजणीच्या आदल्या दिवशी नाकेदार दारात आला. म्हणाला, "उद्या मीच येतो, तुमचं बरोबर लिहून देतो." घरधन्यानं बायकोला विचारलंसुद्धा नाही. सात पिल्लांतली ती सातवी, आता मोठी झालेली कोंबडी, त्यानं डाल्याखालून काढून दिली. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या शेऱ्यात लिहिलं गेलं की अतिक्रमण नुकतंच झालेलं दिसते. तीस कोंबड्या खाऊन नुकतंच!

बंधू-भगिनींनो, ही एका घराची गोष्ट नाही. तुमच्या पोडात, गुड्यात, तांड्यात विचारून पहा. एक तरी घर असं सापडते का, जिथली कोंबडी खाकी कपड्यासाठी पकडली गेली नाही? राज्य सरकारनं १९७८ मध्ये काही जबरानजोती कायम करायचा आदेश काढला. यादीत नाव लागावं म्हणून कोंबड्या गेल्या. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला, तेव्हा नाव कापलं जाऊ नये म्हणून गेल्या. मे २००२ मध्ये दिल्लीहून अतिक्रमणं हटवा असं पत्र निघालं, तेव्हा बैल आणि वखर जप्त होऊ नयेत म्हणून गेल्या. कायदे बदलले, सरकारं बदलली. आपण मात्र दर वेळी तेच डालं उचललं.

काही लोक म्हणतात, पाहुण्याला कोंबडी कापणं ही आपली रीत आहे, ती कशी सोडायची? रीत सोडा असं आम्ही म्हणत नाही. सोयरा आला, लेकीच्या सासरचे आले, दुसऱ्या गावची वनहक्क समिती आपला अनुभव ऐकायला आली, तर जरूर कापा. पण पाहुणा जेवून गेला की घरात हसणं उरते. नाकेदार जेवून गेला की घरात काय उरते ते आपल्याला ठाऊक आहे. भीतीपोटी जे दिलं जाते त्याला वसुली म्हणतात. वसुलीला पाहुणचाराचं नाव देऊन आपण आपल्याच रीतीचा अपमान करतो.

आणखी एक विचारायचं आहे, आणि हे पुरुषांना आहे. ती कोंबडी कोणाची होती? पोडात कोंबड्या बाईच्या असतात. ती पहाटे खुराडं उघडते, लेकरांना पाठवून वाळवीची ढेकळं आणते, फोडून पिल्लांना टाकते. अंडं हलवून, दिव्यासमोर धरून कोणतं सडलं ते पाहते. बाजाराच्या दिवशी एक कोंबडा विकून तेल-मीठ आणते, पोराची वही आणते, आजारपणात डॉक्टरचे पैसे देते. नवऱ्यापुढं हात न पसरता तिला जो पैसा मिळतो तो एवढाच. आणि नाकेदारासमोर मोठेपणा करायला पुरुष तीच कोंबडी न विचारता उचलतात. या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, आणि वनहक्क समितीत कमीत कमी एक तृतीयांश बाया पाहिजेत. जमिनीच्या कागदावर तिचं नाव लावायला निघालेल्या माणसानं कोंबडी देण्याआधी तिला एक शब्द विचारायला काय हरकत आहे?

आता पुढचं ऐका. वरच्या घरचा दावा तसाच गेला असता तर परत आला असता. कायदा एकापेक्षा जास्त पुरावे पाहतो. घर, विहीर, बांध, जुनी झाडं हे जागेवरचे पुरावे असतात. आणखी एक पुरावा नियमातच लिहिला आहे, पण आपले लोक त्याला किंमत देत नाहीत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं बयान, लिहून घेतलेलं. आपल्यासारख्या बिनकागदाच्या माणसांसाठी यासारखा आधार नाही. त्या पोडात बहात्तर साल डोळ्यांनी पाहिलेलं आणि नीट आठवणारं एकच माणूस उरलं होतं. खालच्या घरची म्हातारी.

म्हातारी म्हणाली, "त्या घरचं मले काही मालूम नाई."

आम्ही तिच्या अंगणात दोन संध्याकाळी बसलो. कायदा समजावला, कलमं सांगितली, संघटनेची गरज सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा राहू दे बाबू. माह्या कोंबडीचं पिल्लू कुठं हाय ते सांग." आमच्यातला एक जण हसला. पाच एकर जमीन जायची वेळ आली आणि ही पिल्लू विचारते! आम्ही बारावी शिकलेले, शिबिरं केलेले, पण त्या घडीला सगळ्यांत अडाणी आम्हीच होतो. तिच्यासाठी तो पिल्लाचा प्रश्न नव्हताच. एकवीस दिवस मी तुमच्यासाठी राखण केली, तुम्ही माझा हिस्सा मानला नाही, आता तुमचा हिस्सा मी का मानू? तिचं म्हणणं असं होतं. आणि आपण सरकारला तरी दुसरं काय विचारतो? पिढ्यान् पिढ्या जंगल आम्ही राखलं, आमचा हिस्सा कुठं आहे?

तिसऱ्या दिवशी वरच्या घरची बाई स्वतः आली. हातात एक तलंग होती. उभ्या उभ्याच म्हणाली, "मामी, सातवं तुहंच होतं. ते नाकेदारानं खाल्लं. हे तिच्याच पोटची तलंग हाय. घे."

म्हातारीनं तलंग घेतली, पंख उचलून पाहिले, पाय पाहिले, डाल्याखाली ठेवली. मग म्हणाली, "चहा ठेव वो सूनबाई." चहा पिऊन झाल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. सासऱ्यानं मोहाची दोन झाडं राखली आणि बाकी झुडपं काढली. पहिल्या वर्षी ज्वारी पेरली, ती रानडुकरांनी खाल्ली. "मी पाह्यलं हाय. मीच भाकर घेऊन जात होती, दोन्ही घरच्या माणसाईची." मोहाची ती दोन झाडं आजही शेतात उभी आहेत. समितीनं दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांचा घेर मोजला आणि बयानासोबत लिहिला. म्हातारीनं अंगठा दिला. ग्रामसभेनं ठराव केला. दावा आता उपविभागीय समितीकडं गेला आहे. पुढं काय होईल ते सांगता येत नाही. नामंजूर झाला तर साठ दिवसांत अपील करायची तयारी आहे. पण तो आता रिकाम्या हातानं गेलेला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, नाकेदाराच्या पोटात गेलेल्या तीस कोंबड्यांनी साक्ष दिली नाही. शेजारणीच्या डाल्याखाली गेलेल्या एका तलंगीनं दिली. कोंबडीची पावती मिळते, पण ती शेजाऱ्याकडं मिळते.

कोणी म्हणेल, हे बोलायला सोपं आहे, दारात खाकी कपडा उभा राहिला की कळते. बरोबर आहे. भीती आम्हालाही वाटते. पण भीती एकट्या घराला जास्त वाटते. नाकेदार मोजणीला सतरा घरी एकदम जात नाही. तो एका घरी जातो, ज्या घराचं शेजाऱ्याशी पटत नाही त्या घरी आधी जातो. कुठं भांडण आहे हे त्याला आपल्या आधी माहीत असते. कायदा सांगतो की दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. पण हे कलम कागदातून उठून दारात येत नाही. दारात शेजारीच यावे लागतात.

आता योजनांबद्दल. आपल्या भागात सुधारित जातीची पिल्लं वाटायची गोष्ट निघते. हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराजा. त्यांना आमचा विरोध नाही. अंडी जास्त देतात, वजनही लवकर भरते. पण घेण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. एक, त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे अंड्यावर बसणार नाहीत, पिल्लं काढणार नाहीत. दर खेपेला पिल्लं विकतच आणावी लागतील. दोन, अंगानं जड असतात, घार आणि मुंगसापासून गावठीसारख्या पळू शकत नाहीत. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण ती बसते. ती बसते म्हणूनच बटईनं देता येते, आणि ज्याच्याकडं काही नाही त्या घरातही एका वर्षात चार कोंबड्या होतात. बँकेनं कर्ज नाकारलेल्या विधवेला पोडानं असंच उभं केलेलं आम्ही पाहिलं आहे. गावठी बीज संपू देऊ नका. ते संपलं तर ही देवघेवही संपेल.

फेब्रुवारी २००६ आठवा. नंदुरबार जिल्ह्यात, आदिवासींच्याच नवापूर तालुक्यात, मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. शेडमधल्या कोंबड्या मारल्या, आणि आजूबाजूच्या गावांत अंगणातल्याही गोळा करून मारल्या. बाजार तर सगळ्या राज्यात पडला. शेडवाल्याकडं खरेदीची बिलं असतात. अंगणातल्या कोंबडीचं बिल कोणाकडं असते? ज्याची कुठं नोंद नाही त्याचं नुकसानही कोणी मोजत नाही. जबरानजोतीचं आणि कोंबडीचं दुखणं इथं एकच आहे.

रोगाचंही तसंच. मानमोडी एका घरी आली की आठ दिवसांत पोड रिकामं होते. तिची लस असते. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांनी पंखाखाली आर-टू-बीची सुई. पण लसीची सगळ्यांत लहान कुपीही साधारण शंभर कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. कोणाच्या घरी शंभर कोंबड्या आहेत? कोणाच्याच नाहीत. सतरा घरं मिळूनच शंभर होतात. ज्याचं शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे त्यानं एकट्यानं लस आणून काय करायची? मानमोडी तर शेजाऱ्याच्या अंगणातून येणारच.

म्हणून या महिन्यात प्रत्येक पोडानं, गुड्यानं एवढं करायचं:

१. ग्रामसभेच्या वहीत एक पान कोंबड्यांचं करा. कोणत्या घरी किती, बटईनं कोणी कोणाला दिली, पिल्लं किती निघाली. लिहिता येणाऱ्या पोरींना हे काम द्या.

२. विषम पिल्लू उरलं तर ते दोन्ही घरांचं. अखाडीला दोघांनी मिळून खायचं, नाहीतर तिसऱ्या, कोंबडी नसलेल्या घराला द्यायचं. भांडण त्याच आठवड्यात चावडीवर आणा. वर्षभर पोसू नका.

३. मानमोडी यायच्या आधी, कोंबड्या धडधाकट असताना, सगळ्या घरांनी मिळून लस आणा. थर्मास एकाचा, सायकल दुसऱ्याची, पैसे सगळ्यांचे. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

४. नाकेदार कोणत्याही घरी आला की शेजारच्या चार घरांनी तिथं जाऊन बसायचं. पाणी द्या, चहा द्या. येण्याचं कारण आणि तारीख वहीत लिहा. कोंबडी नाही, बाटली नाही, पैसा नाही. दंड सांगितला तर लेखी मागा. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

५. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांची बयानं आत्ताच लिहून घ्या. त्यांच्याशी कोणाचं भांडण असेल तर आधी ते मिटवा. माणूस गेलं की साक्ष गेली.

आमचीही एक चूक दुरुस्त करतो. यापुढं संघटनेचा कार्यकर्ता गावात आला तर तोही कोंबडी खाणार नाही, जे रोज शिजते तेच जेवेल. आधी कोणाच्या घरी आम्ही संकोचापोटी कापलेली खाल्ली असेल, तर ती आमच्या नावानं वहीत लिहा. बटईची समजून परत करू.

खालच्या घरची ती तलंग आता अंड्यावर बसली आहे. तिच्याखाली दोन्ही घरची अंडी आहेत. म्हातारीनं तिच्या पायाला दोन चिंध्या बांधल्या आहेत, एक लाल आणि एक हिरवी.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कोणाच्या बापाचं!
लढेंगे, जीतेंगे! जय सेवा!